बेडूकगुरुजींच्या शाळेतली सहावी

“‘बेडूकगुरुजींची शाळा’ या मालिकेत पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत पाचच मुले होती. काही प्रसंगांत कडेला सहावे मूल दिसते, ती सलगतेतील चूक आहे. एका दिवसाचे चित्रण अनवधानाने इतर भागांत जोडले गेले. रसिकांनी याहून अधिक अर्थ काढू नये.”

मालिकेच्या स्वच्छ केलेल्या नव्या आवृत्तीला दिग्दर्शक प्रल्हाद मणेरीकर यांनी जोडलेले हे अधिकृत निवेदन. प्रत्येक भागाआधी ते स्वतः पडद्यावर येऊन ते म्हणून दाखवतात. पांढरा झब्बा, मागे सांडोरचे बावखल, आवाजात आजोबांची माया. वाक्ये चार आहेत. त्यांतली पहिली तीन खोटी आहेत आणि चौथे हुकूम आहे.

ज्यांचे बालपण दूरदर्शनच्या काळात गेले त्यांना ही मालिका समजावून सांगावी लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात लिहिते. रविवारी सकाळी चष्मा लावलेला कापडी बेडूक पाण्यातून वर येई आणि दगडी पायऱ्यांवर बसलेल्या मुलांना पाढे, म्हणी आणि सदाचार शिकवी. वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला वसईत बावखल म्हणतात. गुरुजींचा मुक्काम अशाच एका बावखलात होता. मालिका निष्काळजीपणे केली होती, म्हणूनच ती अजून आठवली जाते. गुरुजींच्या चष्म्याची तडकलेली काच कधी डावी असते, कधी उजवी. एका मुलाचा पडलेला दात एकाच गाण्यात परत उगवतो. केळीचा घड कापून नेला जातो आणि पुढच्या क्षणी झाडावरच लोंबताना दिसतो. माझ्या पिढीने बालपण जपण्याची जी रीत शोधून काढली तिला प्रश्नमंजूषा म्हणतात, आणि या मालिकेवरच्या प्रत्येक प्रश्नमंजूषेचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो : सहावी कोण? उत्तराच्या जागी हसरे चेहरे असतात.

मी हसले नाही. मुलांसाठी केलेल्या कार्यक्रमांचा अभ्यास करण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. निवृत्तीनंतर वसईतच पापडीला राहते. नव्या आवृत्तीसोबत द्यायचा अभ्यासपूर्ण लेख माझ्याकडे सोपवला होता आणि चुकांची छाननी हा त्याचाच भाग होता. म्हणून निवेदनातल्या तिसऱ्या वाक्यापासून सुरुवात केली. एकच चित्रण पुन्हा वापरले असते, तर सहाव्या मुलाभोवतीचे सगळेही तेच दिसायला हवे होते. ते तसे नाही. तिसऱ्या पायरीवर, अगदी डावीकडे, पिवळ्या झग्यातली एक मुलगी दिसते. कधी तिचा नुसता गुडघा, कधी खांदा. एका भागात तिची सावली उजवीकडे पडते, दुसऱ्या भागात डावीकडे. चैत्रातल्या भागात पाणी पायऱ्यांच्या तळाशी आहे. श्रावणातल्या भागात बावखल भरले आहे, पाणी त्या मुलीच्या कमरेपर्यंत आले आहे आणि ती बसलेलीच आहे. बाकीची मुले वरच्या कोरड्या पायरीवर सरकून गात आहेत. तिच्याकडे कोणी पाहत नाही.

मूळ फिती सातिवलीच्या एका गोदामात, खोक्यांच्या कारखान्याला लागून, कित्येक वर्षे पडून होत्या. त्या स्वच्छ करण्याचे काम आर्या करत होती. वसई पूर्वेला आईवडिलांनी घेतलेल्या फ्लॅटमध्ये वाढलेली, कामात काटेकोर, बोलण्यात बेधडक अशी ही तिशीतली बाई. तिने मला बोलावून घेतले.

“मॅडम, हे एकदा बघा आणि सांगा मी पागल झालेय का.”

तिने पडद्यावर पूर्ण चौकट उघडली. जुन्या दूरदर्शन संचांत चित्राच्या कडा पेटीआड झाकल्या जात. फितीवर मात्र त्या शाबूत राहत. मालिका घरोघरी दिसली ती कडा कापून. आता कडा मोकळ्या झाल्या होत्या आणि बावखलाच्या प्रत्येक चित्रणात ती मुलगी होती. गुडघा किंवा खांदा नव्हे, पूर्ण.

“फ्रेम बघा ना. दरवेळी तिच्यापासून जस्ट बाजूला. कॅमेरामनला सांगितलेलं असणार की लेफ्टची जागा टाळा.”

“जिथे कोणी नाही, तिथे टाळायचे काय?”

“तेच तर.”

मी चुका मोजणारी बाई आहे. मी त्या मुलीतल्या चुका शोधायला बसले. रिबिनीची गाठ, झग्याची दुमडलेली कड, कपाळावरची बट, मांडीवर उलटा पडलेला हात. ऋतू बदलले, इतर मुलांचे केस वाढले आणि कापले गेले, एकाचा आवाजही फुटला. तिच्यात काही बदलले नाही. आर्याने चित्र मोठे केले. मुलीच्या कोपराला पाण्याचा एक थेंब लोंबत होता, गळण्याच्या बेतात. तो प्रत्येक भागात होता. पाणी कमरेवर आले तेव्हाही होता.

“बाकी सगळ्या सिरीयलमध्ये लोचे आहेत,” आर्या म्हणाली, “आणि हिच्यात एक नाही.”

सलगतेची इतकी निर्दोष उदाहरणे शास्त्रात नाहीत.

बावखल ज्या वाडीत आहे ती सांडोरच्या बेटी तुस्कानो यांची. सत्तरी ओलांडलेली, ताठ बाई. केळीच्या बागेतून त्यांनी मला पायऱ्यांपर्यंत नेले आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, “रिटासाटी आल्या ना? बाकी लोक बेडकाचे फोटो काढायला येतात.”

रिटा ही त्यांची मुलगी. मालिकेत तिला घेतलेले नव्हते. चित्रणाच्या पहिल्याच दिवशी पाचांशिवाय आणखी एक मुलगा लागणार होता, तो तापाने फणफणला. पायरीवर जागा रिकामी दिसत होती.

“सर म्हनाले, कोनाला तरी बसवा तिथं. रिटा कुंपनापाशी बगत उभी होती. तिला बसवली.”

“नाव विचारलं?”

“नावाची कोनाला पडलीय, बाई. जागा भरली, झालं.”

प्रसंग असा होता : मुले गुरुजींवर पाणी उडवतात. उडवताना बाहुल्याचा चष्मा तडकला. दुसरा बाहुला आणेपर्यंत मुले जशी होती तशीच राहायला हवी होती, नाहीतर पुढचा तुकडा जुळला नसता. त्यासाठी मणेरीकरांनी मुलांचाच खेळ वापरला. ते ‘स्टॅच्यू’ म्हणाले की मुले थिजत. सगळी एकदम उठली तर बसण्याची ठेवण मोडते, म्हणून त्यांनी वर एक नियम घातला होता : मी नाव घेऊन ‘ओव्हर’ म्हणेन, तोच हलेल. त्या दिवशी ‘स्टॅच्यू’ म्हणून झाल्यावर वीज गेली. पुढचा तुकडा घेताच आला नाही. सरांनी नावे घेऊन मुलांना सोडवले आणि सामान आवरले. हे बेटीबायना कित्येक वर्षांनी त्या पाचांपैकीच एकाने सांगितले होते.

“मी बाजारातून आले तवा गाडी गेलेली. रिटा नव्हती. पोलीस आले, बावखल उपसलं, गाळ चाळला. एक चप्पलसुदा नाय मिळाली.” बेटीबायने पदराने तिसरी पायरी झटकली, डावीकडची जागा सोडून. “मिळनार कशी? उटलीच नाय तर जाईल कुटं?”

मी विचारले, तुम्ही स्वतः ‘ओव्हर’ म्हणून पाहिले का. प्रश्न तोंडातून गेल्यावर मला त्याची लाज वाटली. त्यांना वाटली नाही.

“किती येळा म्हटलं असंल. फादरनं पन येऊन प्रार्थना केली. पन ज्यानं स्टॅच्यू घातला त्यानंच सोडवायचा, आनि सुटला त्याचा मग घालायचा डाव. पोरांचं कायदं. आपन कोन मोडनार?”

पायऱ्यांवर सगळीकडे शेवाळ होते. तिसरीवर, डावीकडे, लहान मूल बसेल एवढा तुकडा कोरडा आणि स्वच्छ होता. केळीच्या पानाची एक सुकी चिंधी वरून तरंगत आली, त्या जागेच्या वर हातभर अंतरावर थांबली, तिरकी होऊन घसरली आणि पाण्यात पडली. वारा असावा.

“दिरानं त्याचा हिस्सा विकला,” बेटीबाय म्हणाल्या. “बावखल त्यातच जातं. पावसाआदी भराव टाकतील. मातीखाली पन ती तशीच बसंल, बाई. तोंडावर माती घेऊन बसंल, पन उटायची नाय. तिला तसंच सांगितलंय.” त्या माझ्याकडे वळल्या. “मला बाकी काय नको. त्यांना एकदा इथं आना. एक शब्द बोलायला सांगा.”

एका आईच्या मेंदूने दुःखाला दिलेला हा आकार आहे, असे मी परतताना स्वतःला समजावले. समजावणी चांगली होती. संध्याकाळी आर्याचा फोन येईपर्यंत टिकली.

“मॅडम, ते इंट्रो. सरांचं निवेदन. ते आत्ता, याच वर्षी शूट झालंय, बरोबर? मी लावलेल्या कॅमेऱ्यावर.”

“बरोबर.”

“मी त्याची रॉ फाइल उघडलीये. लेफ्टला.”

मी सातिवलीला गेले. पिवळा झगा, रिबीन, उलटा हात, थेंब. फरक एकच होता, नजरेचा. जुन्या सगळ्या चित्रणांत ती कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला पाहते. दिग्दर्शक उभा राहतो तिथे. या चित्रणात दिग्दर्शक पाण्याच्या काठी, चौकटीच्या आत उभा होता. ती त्याच्याकडे पाहत होती. आणि तो, माझ्याइतकाच शिकलेला माणूस, तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून सांगत होता की मुले पाचच होती.

मणेरीकर विरारला एका टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात बेडूकगुरुजी बसवलेले आहेत; दोन्ही काचा धड. त्यांनी चित्रे पाहिली आणि पालथी ठेवली.

“तुम्ही विदुषी आहात. असल्या गोष्टी तुमच्या तोंडी शोभत नाहीत.”

“मी फक्त चुका मोजते.”

“मग?”

“तिच्यात एकही सापडत नाही.”

ते हसले. “सलगतेसाठी मला आयुष्यभर शिव्या खाव्या लागल्या. आता ती नीट जमली म्हणून खायच्या का?” आणि मग खिडकीकडे पाहत म्हणाले, “तिथं भराव पडतोय म्हणतात. पडू द्या. प्रश्नच उरणार नाही.”

माणूस निर्दयी असतो तेव्हा बहुधा सभ्यच बोलतो. मीही सभ्यपणे सांगितले, की हरवलेल्या मुलीची तक्रार अजून मिटलेली नाही, की ती मुलगी त्यांच्या चित्रणात बसली होती हे त्यांनी पोलिसांना तेव्हा कळवले नव्हते, आणि ही चित्रे माझ्या लेखासोबत छापली जाणार आहेत.

त्यांनी पालथी चित्रे नीट एकावर एक रचली.

“एक शब्द म्हटल्यानं त्या म्हातारीचं समाधान होत असेल तर येतो. पण लेखात सहावी नको.”

मी होकार दिला. तो पाळण्याचा माझा विचार नव्हता.

त्या सकाळी सांडोरच्या रस्त्यावर मातीचे डंपर येऊन उभे होते. चालक सावलीत तंबाखू मळत होते. आर्याने कॅमेरा लावला. बेटीबायने केळीखाली एक खुर्ची आणून ठेवली, पण सर बसले नाहीत. पायरीवर कोणी नव्हते. आम्हा चौघांपैकी कोणालाच तिथे काही दिसत नव्हते.

“बघून घ्या एकदा,” आर्या म्हणाली आणि तिने कॅमेऱ्याचा लहान पडदा त्यांच्याकडे वळवला.

त्यांनी पाहिले. मग पायरीकडे पाहिले. मग पुन्हा पडद्याकडे. त्यानंतर ते खुर्चीत बसले.

मी प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरे दिली. ध्वनिमुद्रण स्पष्ट आहे. तो मजकूर शेवटी देते.

उत्तरे संपली तेव्हा ऊन वर आले होते. बेटीबाय पायऱ्यांच्या माथ्यावर उभ्या होत्या. कितीतरी दिवस त्याच जागी उभे राहून काढले असावेत, अशा सवयीने.

“सर,” त्या म्हणाल्या. “नाव घेऊन म्हना.”

ते उठले. घसा साफ केला. जुन्या सवयीने त्यांचा उजवा हात वर गेला.

“रिटा. ओव्हर.”

काही झाले नाही.

मग तिसऱ्या पायरीवर, कोरड्या तुकड्याच्या कडेला, एक ओला ठिपका उमटला. थेंबाएवढा.

आर्याने पडद्यावरून डोळे वर केले. “पायरी रिकामी आहे,” ती हळू आवाजात म्हणाली.

बेटीबाय बाजूला सरकल्या, अरुंद वाटेवर कोणाला जागा द्यावी तशा. आणि घराकडे चालू लागल्या. चालताना त्यांचा डावा हात शरीरापासून थोडा दूर, किंचित खाली धरलेला होता.

सरांनी सुस्कारा टाकला. “झालं समाधान?” त्यांनी मला विचारले आणि कपाळावरचा घाम पुसायला हात उचलला.

हात कपाळापर्यंत पोहोचला नाही.

मी कोणाचा आवाज ऐकला नाही. आर्याच्या ध्वनिमुद्रणातही त्या क्षणी फक्त कावळा आहे.

डॉक्टर म्हणतात, पक्षाघात नाही. नाडी चालते, डोळे उघडे आहेत. हात अर्धा वर आहे. खाली दाबला तर दाबला जात नाही. कानशिलावर घामाचा एक थेंब आहे. परिचारिका तो पुसतात. पुसून झाल्यावर तो तिथेच असतो.

मी सातिवलीला जाऊन सगळे भाग पुन्हा पाहिले. चैत्र, श्रावण, प्रस्तावना. चौकट अजून त्या जागेपासून अंग चोरते, पण तिथे शेवाळलेल्या दगडाखेरीज काही नाही. मी छापायला काढलेल्या चित्रांतही नाही. म्हणजे अधिकृत निवेदन आता अक्षरशः खरे ठरले आहे : मालिकेत पाचच मुले आहेत. खोटे बोलणाऱ्याला इतका भरभक्कम पुरावा क्वचितच मिळतो.

बावखलात भराव पडला. बेटीबायने हरकत घेतली नाही.

मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा ठेवला. आतल्या खोलीचे दार अर्धे लोटलेले होते. ओट्यावर नवी रिबीन होती, दुकानातून आणलेली, कागदात गुंडाळलेली.

“बेटीबाय, त्यांना सोडवायला हवं.”

“मी कोन सोडवनारी? डाव तिचा.”

“मग तिला सांगा.”

त्यांनी चहा गाळला. गाळणी धुतली. जागेवर ठेवली.

“ती विचारत असते, सरांचं नाव काय. मी अजून सांगितलं नाय.” कप माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, “सांगीन. घाई काय हाय? तुमाला हाय का, बाई? मग तुमी सांगा. आतच हाय.”

दार हलले नाही. मी दाराकडे पाहिले, मग कपाकडे. चहा चांगला होता. तो संपवला आणि पापडीला परत आले. त्या सकाळचे ध्वनिमुद्रण मी नंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासले. बावखलाच्या काठी मणेरीकरांना कोणीही नावाने हाक मारलेली नाही. त्यांनी दिलेली कबुली, शब्दशः, अशी :

“पाचांची नावं घेऊन मी ओव्हर म्हटलं. वीज गेली होती, सामान गाडीत चढत होतं. ती तशीच बसून होती. वाटलं, उठेल आपली आपण. दुसऱ्या दिवशी पोलीस विचारत आले तेव्हा तिचं नाव कळलं. पायरीवर येऊन पाहिलं, कोणी नव्हतं. नंतरच्या भागाचं चित्रण लावून पाहिलं, तर होती. तेव्हाच नाव घेऊन म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. म्हटलं असतं तर ती तिथं आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं. आणि खेळात सुटलेल्याचा डाव येतो, हे मलाही माहीत होतं. मी चौकट थोडी उजवीकडे घ्यायला सांगितली आणि मालिका पुरी केली. नावाचं एवढं काय घेऊन बसलात, बाई? माझं नाव तरी त्या पोरांना कुठं ठाऊक होतं? मी ते घेऊच देत नसे. सगळी मला सरच म्हणायची.”